सौदा पितृपक्षात, किल्ली दसऱ्याला

एकाच मॉडेलची, एकाच रंगाची गाडी वर्षभर एकाच भावाने विकली जात नाही. माहितीपत्रकावरची किंमत तीच असते, पण श्रावणात गाडी घेणाऱ्याच्या खिशातून गेलेले पैसे आणि डिसेंबरात घेणाऱ्याच्या खिशातून गेलेले पैसे यांत सात-आठ लाखांच्या गाडीमागे पन्नास-साठ हजारांचा फरक सहज पडू शकतो. हा फरक कोणत्या दिवशी आणि कशामुळे पडतो, हे मावळात विशेष नीट पाहता येते. तळेगावात आणि शेजारच्या चाकणला गाड्या बनतात, तळेगावपासून चिंचवडपर्यंत जुन्या महामार्गाने शोरूमच्या रांगा लागल्या आहेत, आणि गिऱ्हाईक अजूनही पंचांग पाहून गाडी घेते.

आधी किमतीची फोड. गाडी रस्त्यावर आणायला लागणाऱ्या रकमेत, म्हणजे ऑन-रोड किमतीत, एक्स-शोरूम किंमत, मोटार वाहन कर, विमा आणि किरकोळ खर्च असे भाग असतात. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि जीएसटी तिच्यातच धरलेला असतो. तळेगावात बनलेली गाडी म्हणून तळेगावकराला ती स्वस्त पडत नाही. कर तोच आणि कंपनीने या भागासाठी ठरवलेला भावही तोच. मोटार वाहन कर राज्याचा असतो आणि तो पासिंगच्या वेळी एकदाच भरावा लागतो. मावळातल्या गाड्यांचे पासिंग पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत, म्हणजे एमएच-१४ मध्ये होते. खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के असे या कराचे दर आहेत. डिझेलला प्रत्येक पायरीवर २ टक्के जास्त. सीएनजीचे दर १ जुलै २०२५ पासून एकेका टक्क्याने वाढले आणि १० लाखांच्या आतल्या गाडीला ७ ऐवजी ८ टक्के झाले. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ज्यांनी सीएनजी गाडीचे पासिंग उरकले, त्यांचे ९ लाखांच्या गाडीमागे ९ हजार वाचले.

विम्यात थर्ड पार्टीचा भाग नव्या गाडीसाठी तीन वर्षांचा सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. या भागाचा हप्ता सरकार ठरवते, त्यामुळे तो कुठेही तोच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि तो बाहेरून घेता येतो. डीलर जी सूट सांगतो, ती ‘विमा आमच्याकडूनच’ या अटीवर असते का, हे विचारून घ्यावे. पाच हजारांची सूट द्यायची आणि विम्यात आठ हजार जास्त लावायचे, हा प्रकार या धंद्यात जुना आहे.

काळानुसार सर्वांत जास्त हलतो तो डीलरकडून मिळणारा फायदा: रोख सूट, जुनी गाडी दिल्यावरचा एक्स्चेंज बोनस, नोकरदारांसाठीची कॉर्पोरेट सूट, फुकट अ‍ॅक्सेसरीज. तो गिऱ्हाइकाच्या गोड बोलण्यापेक्षा यार्डात किती गाड्या उभ्या आहेत यावर ठरतो.

आता मावळातला पैसा वर्षात कधी हाती येतो ते पाहावे. इंद्रायणी भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागे होते, झोडणी-मळणी उरकून पैसा नोव्हेंबर-डिसेंबरात मोकळा होतो. पॉलिहाउसमधल्या गुलाबाचा मोठा हंगाम व्हॅलेंटाइन डेचा. जानेवारीच्या अखेरीस निर्यात सुरू होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हिशेब मिटतात. लोणावळा-खंडाळ्याला हॉटेल, बंगले, चिक्की आणि टॅक्सीवाल्यांची कमाई जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात होते. तळेगाव, चाकण, पिंपरीच्या कारखान्यांतल्या कामगारांना दिवाळीचा बोनस मिळतो, आणि वेतनवाढीचा करार झाला तर फरकाची रक्कम एकदम हाती येते. जमिनीच्या मोबदल्याला मात्र हंगाम नाही. द्रुतगती मार्ग, एमआयडीसी, आता रिंग रोड, ज्याची जमीन गेली त्याच्या खात्यात रक्कम पडली की आठवडाभरात दारात गाडी उभी राहते, आणि ती बहुतेक वेळा घासाघीस न करता आलेली असते. रोख पैसा हातात आणि घाई डोक्यात असलेले गिऱ्हाईक शोरूममध्ये लांबूनच ओळखू येते.

खरेदी मात्र कमाईच्या दिवशी होत नाही, मुहूर्तावर होते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळी पाडवा हे साडेतीन मुहूर्त; त्यांत भर म्हणून गणेशोत्सव आणि धनत्रयोदशी. दसऱ्याच्या सकाळी शोरूमबाहेर झेंडूच्या माळा घातलेल्या वीस-पंचवीस गाड्या ओळीने उभ्या असतात, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, हातात पुठ्ठ्याची मोठी किल्ली धरून फोटो, आणि तिथून बरेच जण गाडी थेट कार्ल्याला एकवीरेच्या पायथ्याशी किंवा वडगावला पोटोबा महाराजांच्या देवळापुढे नेतात. त्या दिवशी सेल्समनला भाव करायला वेळ नसतो आणि गरजही नसते. सणाची ‘ऑफर’ म्हणून जाहिरातीत जे छापले जाते, त्यातले बरेचसे आधीच्या महिन्यातही मिळत असते. फक्त तेव्हा त्याला नाव नसते.

याच्या उलट काळ पितृपक्षाचा. भाद्रपदाच्या वद्य पक्षात नवी वस्तू घेऊ नये हा समज मावळात चांगलाच घट्ट आहे, गावाकडे जास्तच. त्या पंधरा दिवसांत शोरूम ओस असतात, आणि याच वेळी कंपन्यांनी दसरा-दिवाळीसाठी पाठवलेल्या गाड्यांनी यार्ड भरत आलेले असते. त्या मालावर डीलरने बँकेचे कर्ज उचललेले असते, म्हणजे उभ्या गाडीमागे रोज व्याज चढते. मोटार विक्रेत्यांच्या ‘फाडा’ या संघटनेने ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला सांगितले होते, की देशभरच्या डीलरांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल एवढा गाड्यांचा साठा पडून आहे. संघटनेच्या मते तो तीन आठवड्यांच्या आसपास असायला हवा. त्या वर्षी सणापूर्वी भाव करणाऱ्यांना हवी तशी सूट मिळाली. ही संघटना दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विक्रीचे आकडे जाहीर करते आणि ते वर्तमानपत्रांत छापून येतात. साठा वाढल्याची बातमी म्हणजे गिऱ्हाइकाने शोरूमला जाण्याची वेळ.

मावळातल्या खरेदीदारासाठी यातून एक सोपी वाट निघते. मुहूर्त सोडायची गरज नाही. भाव ठरवण्याचा दिवस आणि किल्ली घेण्याचा दिवस वेगळे केले की झाले. पितृपक्षात, किंवा घरच्या वडीलधाऱ्यांना तेही नको वाटत असेल तर सर्वपित्री अमावास्या उलटताच, दोन-तीन डीलरांकडून लेखी कोटेशन घ्यावे, भाव पक्का करावा आणि डिलिव्हरी दसऱ्याला मागावी. लोणावळ्याच्या हॉटेलवाल्याचा पावसाळ्यातला पैसा नेमका तेव्हाच हाती असतो.

यात एक अडचण आहे आणि ती तोंडी आश्वासनांवर सोडू नये. बुकिंगच्या अर्जावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागू होईल. शिवाय कंपनीच्या सवलती महिन्यापुरत्या असतात. त्या महिन्यात बिल फाटले तरच मिळतात. २०२५ मध्ये पितृपक्ष ८ ते २१ सप्टेंबर होता आणि दसरा २ ऑक्टोबरला आला. सप्टेंबरची सवलत घेऊन ऑक्टोबरात गाडी हवी असेल, तर बिल आणि पासिंग सप्टेंबरातच करून गाडी शोरूममध्ये ठेवावी लागते. बहुतेक डीलर याला तयार असतात. तशी नोंद कोटेशनवर सही-शिक्क्यानिशी करून घ्यावी.

पंचांगातले असे आणखी दोन मंद काळ आहेत. एक पौष. दुसरा अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना, जो साधारण तीन वर्षांतून एकदा येतो. २०२६ साली अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा येतो, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गर्दी ओसरल्यावर आणि पावसाळा लागण्याच्या तोंडावर. आषाढातही बाजार थंडच असतो. मावळात तेव्हा भातलावणी चाललेली असते आणि लोणावळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते. गाडी बघायला कोणी जात नाही. खरे तर गाडी पारखायला हाच काळ उत्तम. चिंचवडच्या सपाट रस्त्यावर पाच मिनिटे फिरवून आणलेली गाडी सगळीच चांगली वाटते. तीच चार माणसे बसवून, एसी लावून, भर पावसात खोपोलीहून बोरघाट चढवली की इंजिनाचा दम, चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकते का, काचेवरचे धुके किती वेळात जाते आणि वायपर पुरा पडतो का, हे सगळे अर्ध्या तासात कळते. लोणावळ्यात पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे रोज गाडी चालवणाऱ्याला या गोष्टी सनरूफपेक्षा जास्त उपयोगाच्या.

इंग्रजी महिन्यांचे गणित याहून सरळ आहे. सेल्समनचे टार्गेट महिन्याचे असते, डीलरला कंपनीकडून मिळणारा बोनस महिन्यावर आणि तिमाहीवर ठरतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टार्गेटला दोन गाड्या कमी पडत असतील, तर त्या दोन गाड्यांवर डीलर स्वतःच्या वाट्यातलेही सोडतो. टार्गेट आधीच पूर्ण झाले असेल तर महिनाअखेरही कोरडीच जाते. म्हणून शेवटच्या आठवड्यात एकाच नाही, दोन-तीन शोरूममध्ये विचारावे. त्यातला एखादा अडलेला निघतो.

वर्षअखेरीचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. डिसेंबरात सूट मोठी असते, कारण १ जानेवारीला यार्डातली प्रत्येक गाडी एका रात्रीत ‘गेल्या वर्षीची’ होते. शिवाय जानेवारीपासून किंमत वाढवण्याची घोषणा बहुतेक कंपन्या डिसेंबरातच करतात, त्यामुळे खरेदीची घाई वाटावी असे वातावरणही असते. पण आरसी बुकावर गाडी कोणत्या महिन्यात आणि साली बनली ते लिहिलेले असते, आणि जुनी गाडी घेणारा दलाल सर्वांत आधी तेच पाहतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये बनलेली आणि डिसेंबरात घेतलेली गाडी जानेवारी २०२९ ला विकायला काढली, तर वापर तीन वर्षांचा पण गाडी २०२५ ची. महिनाभर थांबून घेतलेली २०२६ ची गाडी त्याच दिवशी जास्त भावाने जाईल. हे नुकसान जितकी वर्षे गाडी ठेवावी तितके पुसट होते. गाडी आठ-दहा वर्षे वापरणाऱ्या कुटुंबाने, आणि मावळातली बरीच कुटुंबे तशीच वापरतात, डिसेंबरची सूट बिनदिक्कत घ्यावी. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने जानेवारीत बनलेली गाडी मागावी. भाताचा पैसा हाती असलेल्याला डिसेंबर सोयीचा, तर गुलाबवाल्याला फेब्रुवारी-मार्च. कारण मागच्या वर्षी बनलेल्या आणि न खपलेल्या गाड्यांवर सर्वांत मोठी सूट या दोन महिन्यांत सापडते, आणि मार्चअखेर डीलरला वर्षाचा हिशेबही जुळवायचा असतो.

सरकारी निर्णयाने एका दिवसात किंमत बदलते, तेव्हा वरचे सगळे आडाखे बाजूला पडतात. २०२५ चा सप्टेंबर हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जीएसटीच्या फेररचनेचे सूतोवाच केले, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने नवे दर ठरवले आणि ते २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, लागू झाले. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतच्या इंजिनाची पेट्रोल किंवा सीएनजी गाडी, तसेच चार मीटरच्या आतली १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांच्या गटात आली. आधी पेट्रोलवर उपकरासह २९ टक्के आणि डिझेलवर ३१ टक्के होते. मोठ्या गाड्यांवर उपकर धरून ४५ ते ५० टक्के पडत होते, ते सरसकट ४० झाले. विजेच्या गाड्यांवरचा ५ टक्के तसाच राहिला.

हिशेब करून पाहावा. करापूर्वी ५ लाखांची छोटी पेट्रोल गाडी २१ सप्टेंबरला ६ लाख ४५ हजारांना होती, दुसऱ्या दिवशी ५ लाख ९० हजारांना. त्यावरचा राज्याचा ११ टक्के करही ७०,९५० वरून ६४,९०० वर आला. एकूण बचत ६१,०५० रुपये. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. कर कमी होणार ही बातमी बारा दिवसांपूर्वीच आलेली होती, तरीही गणपतीच्या मुहूर्तावर काहींनी गाडी घेतलीच. दुसरीकडे त्या पितृपक्षात शोरूम नेहमीपेक्षाही रिकामे राहिले, कारण पंचांग आणि कर दोन्ही ‘थांबा’ म्हणत होते. नवरात्रात मात्र एवढी गर्दी झाली, की लोकप्रिय मॉडेल आणि रंगांसाठी दिवाळीपर्यंत थांबावे लागले. करकपातीनंतरच्या पहिल्या महिन्यात डीलरला वेगळी सूट देण्याचे कारण उरत नाही. दर घटल्याचा फायदा मिळतो, सौद्याचा मिळत नाही. दोन्ही साधायचे तर ती पहिली लाट जाऊ द्यावी लागते.

नियमांच्या मुदतीचा प्रकार उलटा आहे. तिथे मुदतीआधी स्वस्ताई येते आणि तिच्यात धोका असतो. ३१ मार्च २०१७ नंतर बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या मानकाची, वाहने विकायची नाहीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या दोनच दिवस आधी दिला, तेव्हा दुचाकींवर एवढी सूट जाहीर झाली की शोरूमबाहेर रात्री उशिरापर्यंत रांगा होत्या. ज्यांचे बिल आणि पासिंग वेळेत झाले त्यांना ती स्वस्ताई पचली. मार्च २०२० मध्ये बीएस-४ च्या गाड्यांबाबत तसे घडले नाही. मुदत ३१ मार्चची, आणि २५ मार्चला देश बंद झाला. पैसे भरले, गाडी घरी आली, पण पासिंग नाही, अशी अनेकांची अवस्था झाली, आणि प्रकरण न्यायालयात ऑगस्टपर्यंत रेंगाळले. शेवटच्या आठवड्यातली स्वस्त गाडी घेताना पासिंग कोणत्या तारखेला होणार हे आधी विचारावे, सूट किती ते नंतर.

मॉडेल बदलण्याच्या वेळा ओळखायला मावळ-चाकणचाच इतिहास पुरेसा आहे. जनरल मोटर्सने तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू केला. शेवरोलेची बीट तिथेच बनायची, आणि आजूबाजूच्या गावांतले कितीतरी तरुण तिथे नोकरीला लागले. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री वर्षअखेर थांबवत असल्याचे सांगितले आणि शोरूममधला माल मोठ्या सवलतीने निघाला. ज्यांनी तो घेतला त्यांना गाडी स्वस्तात मिळाली, पण विकायला गेल्यावर भाव पडलेला होता, आणि अपघातानंतर बाहेरचे सुटे भाग मिळवायला हिंडावे लागत होते. तळेगावहून निर्यात डिसेंबर २०२० पर्यंत चालू राहिली आणि मग कारखाना बंद पडला. ह्युंदाईने तो घेण्याचा करार ऑगस्ट २०२३ मध्ये केला. कंपनी देश सोडून चालली असताना मिळणारी सूट ही पुढच्या घसाऱ्याची आगाऊ भरपाई असते. गाडी पार मोडीत निघेपर्यंत वापरायची असेल तरच ती घ्यावी.

एखादे मॉडेल बदलत असेल आणि कंपनी टिकून असेल, तर गोष्ट वेगळी. तळेगावच्या त्याच कारखान्यात ह्युंदाईने पहिली बनवली ती नवी व्हेन्यू, आणि ती ४ नोव्हेंबर २०२५ ला ७ लाख ९० हजारांपासून बाजारात आली. नवी गाडी येणार हे कळले की जुन्या पिढीच्या उरलेल्या गाड्यांवर सूट वाढत जाते. सुटे भाग आणि सर्व्हिस पुढेही मिळत राहते. ज्याला नव्या चेहऱ्याचे अप्रूप नाही त्याच्यासाठी हा चांगला सौदा, फक्त विकताना ती ‘जुन्या शेपची’ म्हणून कमी भावाने जाईल हे धरून चालावे. नव्या मॉडेलच्या पहिल्या काही महिन्यांत मात्र सूट शून्य असते. रंग आणि व्हेरिएंट निवडायला वाव नसतो, आणि गाडीत काही बारीकसारीक उणीव असेल तर ती पहिल्या गिऱ्हाइकांच्याच वाट्याला येते.

याला अपवाद सुरुवातीच्या किमतीचा. चाकणच्या कारखान्यात बनलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही-७०० चे बुकिंग ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडले आणि ५७ मिनिटांत २५ हजार गाड्या बुक झाल्या. तेवढ्यांनाच पहिली किंमत मिळाली, नंतरच्यांना वाढीव. जुलै २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनचे एक लाख बुकिंग अर्ध्या तासात झाले. चिपचा तुटवडा असल्याने काहींना वर्षाहून अधिक थांबावे लागले. मग बाजार फिरला. जुलै २०२४ मध्ये कंपनीने एक्सयूव्ही-७०० च्या वरच्या व्हेरिएंटची किंमत सुमारे दोन लाखांनी उतरवली. पहिल्या तासातले आणि तीन वर्षे थांबलेले, दोघेही फायद्यात राहिले. मधल्या काळात प्रतीक्षा यादीत ताटकळून वाढीव भाव मोजलेले तोट्यात. ज्या गाडीला प्रतीक्षा यादी आहे तिच्यावर सूट मागण्यात अर्थ नसतो.

कर्जाचे व्याजही काळाप्रमाणे बदलते, पण त्याचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा लहान असतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. सहा लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी घेतले तर हप्ता १२,६०१ रुपये, नऊ टक्क्यांनी घेतले तर १२,४५५. महिन्याला १४६ रुपये, पाच वर्षांत पावणेनऊ हजारांच्या आसपास. अर्ध्या टक्क्याची वाट पाहत वर्ष घालवायचे आणि दरम्यान गाडीची किंमत दोनदा वाढू द्यायची, यात शहाणपण नाही. कर्ज स्थिर दराचे आहे की बदलत्या, हे मात्र सही करण्यापूर्वी पाहावे. स्थिर दराने घेतले तर पुढच्या कपातीचा उपयोग होत नाही. डीलरकडचे ‘कमी व्याजाचे’ कर्ज आणि रोख सूट बहुधा एकावेळी मिळत नाहीत, म्हणून दोन्ही कोटेशन शेजारी ठेवून शेवटी एकूण किती जातात ते मांडावे.

दुकान, हॉटेल किंवा दवाखाना चालवणाऱ्यासाठी एक तारीख महत्त्वाची आहे, आणि ती पंचांगात नाही. धंद्यासाठी वापरलेल्या गाडीवर आयकरात वर्षाला १५ टक्के घसारा वजा करता येतो. पण त्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच, साडेसात टक्के. ३१ मार्चपासून मागे मोजत गेल्यास १८० दिवस ३ ऑक्टोबरला भरतात. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरचा, त्यामुळे त्या दिवशी गाडी वापरात आणणाऱ्याला पूर्ण घसारा मिळू शकला. २०२६ चा दसरा २० ऑक्टोबरला आहे. त्या मुहूर्तावर घेतलेल्या गाडीला पहिल्या वर्षी निम्मा. दिवाळी पाडवा तर कधीच या रेषेच्या आत येत नाही. दहा लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षाच्या वजावटीत ७५ हजारांचा फरक पडतो, जरी उरलेला घसारा पुढच्या वर्षांत मिळत राहतो. याच लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर महाराष्ट्रात मोटार वाहन कर २० टक्के लागतो.

विजेच्या गाडीचे गणित सध्या करसवलतीवर उभे आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानुसार तिला मोटार वाहन कर माफ आहे, आणि २२ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलही माफ झाला. तळेगाव-लोणावळ्याहून मुंबईला किंवा पुण्याला वरचेवर जाणाऱ्याच्या दृष्टीने उर्से टोलनाक्यावर वाचणारे पैसे वर्षाकाठी चांगलेच भरतात. धोरणाची मुदत २०३० पर्यंतची आहे. बॅटरीच्या किमती उतरतील म्हणून थांबणाऱ्याने ही मुदतही हिशेबात घ्यावी.

सौदा कधीही झालेला असो, गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ती यार्डात किती दिवस उभी होती ते तपासावे. दसऱ्याला मिळणारी गाडी जून-जुलैपासून उघड्यावर भिजत असू शकते. दरवाजाच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर, आणि चासी क्रमांकात, बनल्याचा महिना-वर्ष बहुतेक कंपन्या नोंदवतात. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘३२२५’ म्हणजे २०२५ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. पाचही टायर जवळपास एकाच काळातले आहेत का, बॅटरी उतरलेली नाही ना, गालिचाखाली ओल नाही ना, हे दिवसाउजेडी आणि पासिंगच्या आधी पाहावे, कारण पासिंग झाल्यावर गाडी बदलून मिळत नाही. नंबर प्लेट बसवल्याशिवाय गाडी शोरूमबाहेर काढता येत नाही, आणि सणाच्या आठवड्यात आरटीओत अर्जांचा ढीग असतो. म्हणून दसऱ्याची डिलिव्हरी हवी असेल तर पैसे आणि कागद निदान आठवडाभर आधी पोचलेले असावेत. आवडीच्या नंबरसाठी थांबायचे असेल तर आणखी आधी. अशा नंबरांचे शुल्क ऑगस्ट २०२४ मध्ये वाढले आहे. दहा लाखांवरच्या गाडीला डीलर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, वेगळा घेतो. ती रक्कम आयकराचे विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते किंवा परत मिळते, पण त्यासाठी बुकिंगच्या वेळीच बिलावर ज्याच्या नावावर गाडी आहे त्याचाच पॅन लिहिलेला असावा लागतो.